पिंपळाच्या पानावरून साबणदाणी: निसर्गातली रचना घरातल्या वस्तूत उतरवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात रोज वापरायची एखादी वस्तू निसर्गातल्या रचनेवरून घडवायची आहे, पाने, शिंपले आणि घरटी यांची रेखाटने वहीभर झाली आहेत, पण त्यांतून वस्तू कशी उभी करायची, तिचा नमुना कशात करायचा आणि त्यासाठी थ्रीडी प्रिंटर घ्यावाच लागेल का, हे उमगत नाही. मी या सगळ्याचे उत्तर एकाच वस्तूच्या आधाराने देते. ती वस्तू म्हणजे साबणदाणी. ती लहान असते, स्वस्त असते, तिचा नमुना घरच्या घरी करता येतो आणि ती जमली की नाही हे आठवड्याभरात कळते. खुर्ची किंवा दिवा निवडला तर यातले काहीच इतके सोपे राहत नाही.

पहिली सूचना अशी की वही काही काळ बाजूला ठेवावी. शिंपल्याचे रेखाटन समोर ठेवून ‘याचे काय बरे करता येईल’ असा विचार सुरू केला की हाती बहुधा शिंपल्याच्या आकाराची ताटली लागते. सुरुवात घरातल्या अडचणीपासून करावी. साबणाच्या बाबतीत ती अडचण सगळ्यांना ठाऊक आहे: वडी स्वतःच्याच पाण्यात बसून राहते, तिचा खालचा भाग गिळगिळीत होतो, साबण निम्मा वापरला जातो आणि निम्मा विरघळून जातो. ही तक्रार मोजता येते, आणि ज्या वस्तूवर काम करायचे तिची तक्रार मोजता येणे फार मोलाचे असते. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर सारख्या दोन वड्या तोलाव्यात, दोन्ही सारख्या भिजवून एक सपाट ताटलीत आणि दुसरी तारेच्या जाळीवर ठेवावी, आणि हे रोज करून आठवड्याने पुन्हा वजन घ्यावे. दोन वजनांमधला जो फरक दिसेल तेवढीच कमाई आपली नवी साबणदाणी करून देऊ शकते. फरक नगण्य निघाला तर वस्तू बदलावी, तिच्यावर श्रम घालू नयेत.

मग निसर्गाकडे वळावे, पण रूपासाठी नाही. डॅनिश वास्तुरचनाकार पौल हेनिंगसेन यांनी १९५८ मध्ये कोपनहेगनमधल्या एका उपाहारगृहासाठी घडवलेला ‘आर्टिचोक’ दिवा (आर्टिचोक म्हणजे एकावर एक पाकळ्या असलेली एक भाजी) हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात तांब्याची ७२ पाती १२ ओळींत एकावर एक अशी बसवली आहेत, की दिव्याकडे कुठल्याही बाजूने पाहिले तरी आतला बल्ब डोळ्यांत खुपत नाही आणि प्रकाश मात्र पातीवरून परावर्तित होऊन खाली येतो. हेनिंगसेन त्याआधी तीसेक वर्षे झगमगाटाच्या प्रश्नाशीच झगडत होते. एकमेकांना झाकणाऱ्या पानांची रचना त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आली, म्हणून ती आजही जुनी वाटत नाही. उलट फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांचा १९९० सालचा, समुद्रातल्या माकुळासारखा (स्क्विड) दिसणारा आणि तीन पायांवर उभा असलेला ॲल्युमिनियमचा लिंबूपिळणा घ्या. तो शिल्प म्हणून देखणा आहे, पण त्याला गाळणी नाही, त्यामुळे रसाबरोबर बियाही ग्लासात उतरतात. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी फळे या दोन्हींपेक्षा प्रामाणिक म्हणावी लागतील, कारण ती शोभेसाठीच आहेत आणि तसेच सांगतात. आपल्याला वापराची वस्तू करायची असेल तर निसर्गाला विचारायचा प्रश्न क्रियापदात हवा. ‘कोणते पान सुंदर आहे’ असे विचारण्याऐवजी ‘आपल्या अंगावरचे पाणी कोण झटकून टाकते, आणि कसे’ असे विचारावे.

असे विचारल्यावर मराठी माणसाला पहिल्यांदा अळू आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण अळवावरचे पाणी आपल्या बोलण्यातच आहे. अळवाच्या आणि कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक असतात. त्यामुळे थेंब पानाला जेमतेम टेकतो, खाली हवा राहते आणि थेंब पानाच्या पृष्ठभागाशी १५० अंशांहून मोठा कोन करून गोल गोळी होऊन घरंगळतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलोट यांनी हा गुणधर्म तपशिलाने उलगडला, १९९७ मध्ये त्यावरचा त्यांचा गाजलेला निबंध आला आणि १९९९ पासून या तत्त्वावरचा इमारतींचा बाहेरचा रंग बाजारात मिळू लागला. असे असताना साबणदाणीला असाच लेप द्यावा असे कुणालाही वाटेल.

लेप देण्याआधी अळवाचे एक ताजे पान तिरपे धरून त्यावर साध्या पाण्याचा थेंब सोडावा आणि शेजारी साबणाच्या दाट पाण्याचा थेंब सोडावा. साधा थेंब पळून जातो. साबणाचा थेंब पसरट होतो, पानाला चिकटतो आणि मागे ओला डाग ठेवतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे स्वतःचा पृष्ठभाग आवळून धरण्याची ओढ, निम्म्याहून कमी होतो, ते पाणी उंचवट्यांच्या मधल्या जागेत शिरते आणि थेंबाखालची हवेची गादीच नाहीशी होते. म्हणजे पावसासाठी अचूक असलेली युक्ती साबणासाठी निरुपयोगी ठरते. शिवाय पान जिवंत असेपर्यंत आपले मेण पुन्हा तयार करू शकते, आपला लेप घासणीने एकदा गेला की गेला. निसर्गातली कोणतीही रचना उचलताना ती तिथे कोणत्या द्रवात, किती आकारमानावर आणि किती काळासाठी काम करते हे तीन मुद्दे तपासलेच पाहिजेत. माझ्या पाहण्यात या क्षेत्रातले बहुतेक नमुने यांपैकी एका मुद्द्यावर अडलेले आहेत.

पिंपळाची युक्ती वेगळी आहे आणि ती साबणाच्या पाण्यातही टिकते. पिंपळाच्या पानाला पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही, म्हणून ते पाणी गोळा करून एका जागी आणते: पात्याला उतार असतो, शिरा मधल्या शिरेकडे जातात आणि पाते शेवटी इंच-दीड इंचाच्या निमुळत्या शेपटीत संपते. भरपूर पावसाच्या प्रदेशांतल्या अनेक झाडांच्या पानांना असे टोक असते. ते का उपयोगी पडते याचे कारण थेंबाच्या गणितात आहे. टोकावर लटकणारा थेंब किती मोठा होऊन सुटेल हे त्या टोकाच्या परिघावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असते, हे थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये दाखवून दिले. टोक बारीक तितका थेंब लहान, तो लवकर सुटतो आणि पानावर शेवटी अडकून राहणारे पाणीही कमी असते. पृष्ठताण कमी झाला तर थेंब आणखी लहानपणीच सुटतो. म्हणजे जो साबण अळवाला हरवतो तो इथे आपल्या बाजूने काम करतो.

हे वाचून मान्य करण्याऐवजी करून पाहावे. पिंपळाची सारख्या आकाराची दोन पाने तारेला चिमट्याने लावून सारख्या उतारावर टांगावीत, एकाची शेपटी कात्रीने कापून कड बोथट करावी, दोन्हींवर फवारणीच्या बाटलीने साबणाचे पाणी मारावे आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. शेपटीच्या पानावरून बारीक थेंब भराभर सुटताना दिसतात. कापलेल्या कडेवर एक जाडसर थेंब फुगत राहतो, कधी डावीकडे सरकतो, कधी उजवीकडे, आणि बराच वेळ सुटायचे नाव घेत नाही. साध्या ताटलीच्या काठाखाली नेमके हेच चाललेले असते. निसर्गातल्या नमुन्याकडे अर्धा तास असे बारकाईने पाहिले की पुढची बरीच भटकंती वाचते.

यानंतरचे रेखाटन पानासारखे दिसता कामा नये. कागदावर तीनच गोष्टी असाव्यात: एक उतार, त्या उतारावरून एका बिंदूकडे जाणाऱ्या खोबणी आणि बाहेर काढलेले निमुळते टोक. पानाची जाळीदार नक्षी, हिरवा रंग, हृदयाकृती बाह्यरेषा यांपैकी काहीही या टप्प्यावर आणू नये; शेवटी वस्तू पानासारखी दिसली तर दिसो, पण ती तशी दिसावी म्हणून धडपड नको.

आकडे ठरवताना मात्र पानाला सोडून द्यावे लागते. अरुंद फटीत पाणी पृष्ठताणाच्या ओढीने धरून ठेवले जाते. ही ओढ पाण्याच्या वजनाला तोलून धरते ते अंतर शुद्ध पाण्यासाठी सुमारे २.७ मिलिमीटर आहे, साबणाच्या पाण्यासाठी ते दोन मिलिमीटरच्या आत येते, आणि त्यामुळे ३ मिलिमीटर रुंदीची खोबण साबणाचे पाणी साधारण २ मिलिमीटर उंचीपर्यंत अडवून धरू शकते. पानाच्या शिरांवरून जशाच्या तशा काढलेल्या नाजूक रेषा म्हणूनच साबणदाणीत उलट काम करतात: पाणी वाहून नेण्याऐवजी साठवतात. खोबण निदान ६ मिलिमीटर रुंद ठेवावी, आणि शक्य असेल तर बोटाच्या टोकाला आत जाता येईल इतकी. याचे दुसरे कारण साफसफाईचे आहे, त्याकडे पुढे येते. खोबणींच्या मधले उंचवटे वर निमुळते आणि गोल हवेत, म्हणजे वडी त्यांना कमीत कमी जागी टेकते. उतार मी सहा ते आठ अंश ठेवते. त्याहून कमी उतारावर पाणी रेंगाळते आणि जास्त उतारावर ओली वडी घसरते, म्हणून टोकाच्या बाजूला दोन बुटके अडसर ठेवावे लागतात.

टोकाच्या खालच्या अंगाचा विचार बहुतेकजण करत नाहीत. वरून आलेले पाणी कडेवरून खाली वळते आणि ताटलीच्या बुडाला चिकटून मागे सरकते. चहाच्या किटलीच्या तोटीखालून चहा ओघळतो तो याच कारणाने. पानाला ही अडचण फारशी येत नाही, कारण ते पातळ असते आणि त्याची कड धारदार असते. मातीची किंवा लाकडाची वस्तू तितकी पातळ करता येत नाही, म्हणून टोकाच्या खाली, कडेपासून ५-६ मिलिमीटर आत, आडवी खाच द्यावी. गवंडी सज्जाच्या खालच्या अंगाला पाणी तोडण्यासाठी अशीच खाच ठेवतात. आणि टोक बेसिनच्या काठाच्या आत यायला हवे, नाहीतर एवढ्या खटाटोपाने जमवलेले पाणी ओट्यावर पडेल. यासाठी आपल्या घरातल्या बेसिनच्या काठाची रुंदी मोजूनच टोकाची लांबी ठरवावी.

आता नमुन्यांकडे वळू. एकाच नमुन्याने सगळे प्रश्न सुटावेत अशी अपेक्षा ठेवली की तो महाग होतो आणि मोडवत नाही. पहिला नमुना माउंट बोर्डचा, म्हणजे जाड पुठ्ठ्याचा असावा, त्यातून फक्त आकारमान पाहायचे: ओट्यावर किती जागा खाते, हात धुताना आड येते का. दुसरा शाडूच्या मातीचा. गणपतीच्या दिवसांत ती सहज मिळते, ओल्या स्पंजने हवी तशी घासता येते आणि उंचवट्यांची उंची, टोकाचा निमुळतेपणा, कडेची जाडी हे सगळे बोटांना कळते. संगणकाच्या पडद्यावर जो टोकाचा आकार डौलदार वाटतो तो हातात घेतल्यावर टोचतो हे शाडू पाच मिनिटांत सांगते. माती चामड्याइतकी घट्ट झाली की त्यातच खोबणी चमच्याच्या दांड्याने किंवा वाकवलेल्या पत्र्याने कोराव्यात.

तिसरा नमुना पाण्यात तपासण्याचा, आणि आपण विचारलेला थ्रीडी प्रिंटर इथे उपयोगी पडतो. तो विकत घेण्याची गरज नाही. मोठ्या शहरांत वजनावर किंवा तासावर छपाई करून देणारी दुकाने आहेत. मात्र छापलेला नमुना पाण्याच्या चाचणीत खोटी साक्ष देतो हे ध्यानात ठेवावे. छपाईचे थर साधारण ०.२ मिलिमीटरचे असतात, त्यांच्या मधल्या बारीक रेघा केशनलिकांचे काम करतात आणि पाणी धरून ठेवतात. त्यामुळे चांगली रचनाही नापास होते. नमुना आधी २२० नंबरच्या आणि नंतर ४०० व ८०० नंबरच्या वॉटर पेपरने ओला करून घासावा, त्यावर प्रायमरचा आणि चकचकीत रंगाचा हात द्यावा आणि मगच नळाखाली धरावा. पीएलए हे नेहमीचे प्लास्टिक साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते, म्हणून गरम पाण्याच्या किंवा चहाच्या वस्तूंची चाचणी त्यात करू नये. प्रिंटर नसेल तर शाडूच्या नमुन्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढून त्यात मेण ओतावे आणि मेणाचा नमुना पाण्याखाली धरावा. मेण पाणी जास्तच झटकते, तेव्हा निकाल वाचताना तेवढी सूट द्यावी.

साबणदाणी भिंतीला लावायची असेल तर आणखी एक गोष्ट झाडाकडून शिकण्यासारखी आहे. बुंधा जमिनीला मिळतो किंवा फांदी खोडाला मिळते तिथे कधी काटकोन नसतो, आणि वर्तुळाच्या पावभागासारखी साधी गोलाईही नसते. जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथील क्लाउस मॅथेक यांनी झाडांच्या या वळणांचा अभ्यास करून ती पट्टी आणि गुण्याने काढता येईल अशी रीत दिली. दोन पृष्ठभाग काटकोनात भेटतात त्या आतल्या कोपऱ्यात प्रथम ४५ अंशांची तिरकी रेषा टाकायची. त्या रेषेच्या मध्यबिंदूपासून उभ्या पृष्ठभागाशी साडेबावीस अंश करणारी दुसरी रेषा. तिच्या मध्यबिंदूपासून सव्वाअकरा अंशांची तिसरी. आणि उरलेले कोन हलकेच गोल करायचे. तयार होणारे वळण एका बाजूला लांबट असते आणि ताण एका जागी साचू देत नाही. चिनी मातीसारखा ठिसूळ पदार्थ आतल्या कोपऱ्यातूनच तडकतो, त्यामुळे ही तीन रेषांची रीत तिथे फार कामाला येते. संगणकाच्या आज्ञावलीत एक बटण दाबून गोलाई देण्यापेक्षा ही मी हातानेच काढते, कारण काढताना ताण कुठून कुठे जाणार याचा विचार आपोआप होतो.

पदार्थाच्या निवडीत घाई करू नये. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये फिरायला गेल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या बर्डॉक या झुडपाच्या काटेरी फळांवरून वेल्क्रोची कल्पना सुचली, आपल्याकडे माळावरून परतल्यावर आघाड्याच्या बिया कपड्यांना चिकटतात तशीच. फळांवरचे बारीक आकडे (हुक) सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसले, पण सुती धाग्यात ते टिकेनात, पुढे नायलॉन वापरून ते जमले आणि पेटंट मिळायला १९५५ साल उजाडले. सगळा काळ कोणत्या धाग्यात आणि कोणत्या यंत्रावर हे करायचे यात गेला.

साबणदाणीसाठी बिनचकाकीची भाजलेली माती पहिले काही दिवस उत्तम वाटते, कारण ती पाणी शोषून घेते. पण तिची छिद्रे साबणाने बुजतात आणि मग ती नुसती कळकट दिसते. लाकूड सतत ओले राहून काळे पडते. चकाकी दिलेली चिनी माती मला सगळ्यांत रास्त वाटते. साच्यात ओतून ती घडवायची तर दोन हिशेब चुकवू नयेत. एक, माती वाळताना आणि भाजताना आकसते. आपल्या मातीचे आकसणे बारा टक्के असेल आणि वस्तू १२० मिलिमीटर हवी असेल, तर १२० मध्ये बारा टक्के मिळवून १३४.४ करणे चूक आहे, १२० ला ०.८८ ने भागून येणारे १३६.४ बरोबर. दोन, चकाकीचा थर भट्टीत वितळून खोबणीत उतरतो आणि धारदार कडांवरून मागे सरतो. म्हणून मूळ आकृतीत खोबण थोडी जास्त खोल आणि टोकाखालची खाच थोडी जास्त ठळक ठेवावी, आणि साच्यातून वस्तू सुटावी यासाठी बाजूंना दोन-तीन अंशांचा ढाळ द्यावा. खाली खाच आहे म्हणजे साचा दोन तुकड्यांचा लागणार, हे साचा करणाऱ्या कारागिराला आधीच दाखवावे. असे कारागीर आकृती पाहून कुठे अडणार ते क्षणात सांगतात आणि त्यांचे ऐकण्यात शहाणपण आहे.

भट्टीतून आलेला नमुना स्वतःच्या घरात न ठेवता दुसऱ्याच्या घरात द्यावा, आणि देताना ‘यात पिंपळाचे तत्त्व आहे’ वगैरे काही सांगू नये. दोन-तीन आठवड्यांनी जाऊन काय झाले ते पाहावे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा चिकट साका तयार होतो आणि तो खोबणीत बसतो. नरम पाण्याच्या घरात निर्दोष ठरलेली साबणदाणी अशा घरात पंधरा दिवसांत तुंबते. खोबणीत बोट किंवा घासणी शिरत नसेल तर जी व्यक्ती ती घासते तिला विचारावे, आणि त्या घरात ती कोण घासते हे आधी शोधावे, कारण चाचणीच्या कागदावर मत लिहिणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो. मुले वडी उंचवट्यांवर आपटतात, पाहुणे टोकाची दिशा भिंतीकडे करून ठेवतात, कुणी तिच्यात दाढीचा ब्रश टाकते. शेवटच्या दोन गोष्टी घडत असतील तर दोष वापरणाऱ्याचा मानू नये; टोक कुठे असावे हे वस्तूकडे पाहताच कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तिचा मागचा काठ उंच करून ते सुधारता येते.

वस्तू विकण्याचा विचार असेल तर छायाचित्रे सार्वजनिक करण्याआधी एक काम करावे. २००० च्या डिझाइन कायद्याखाली भारतात वस्तूच्या बाह्यरूपाची नोंदणी होते, ती १० वर्षांसाठी असते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते, पण रूप आधीच प्रसिद्ध झाले असेल तर ती नाकारली जाऊ शकते. या नोंदणीत फक्त दिसणे येते, काम करण्याची रीत येत नाही. रीतीसाठी पेटंटचा मार्ग आहे आणि त्यात नवेपणा सिद्ध करावा लागतो. निमुळत्या टोकावरून पाणी सोडणे यात नवेपणा दाखवणे अवघड आहे, तेव्हा साबणदाणीसारख्या वस्तूसाठी मी बाह्यरूपाची नोंदणी पुरेशी मानते आणि उरलेला पैसा दुसऱ्या साच्यावर खर्च करायला सांगते, कारण पहिला साचा प्लास्टरचा असल्याने तो काही डझन वस्तूंनंतर झिजतोच.